सगळ्यांना चालेल असा बोर्ड

सीवूड्सच्या त्या फ्लॅटमध्ये मंजुषाने स्वतःसाठी निवडलेली एकही वस्तू नव्हती. तिची कंबर धरली नसती तर हे तिच्या ध्यानातही आलं नसतं.

निवड हा तिच्या नवऱ्याचा, सुधीर साळवीचा, प्रांत. महापेच्या एका कारखान्यात तो खरेदी खात्याचा मॅनेजर, आणि तीन ठिकाणी भाव विचारल्याशिवाय त्याने कधी केरसुणीही घेतली नसेल. फ्रिज त्याने निवडला, पडदे त्याने निवडले, मंजुषाची स्कूटर त्याने निवडली, आणि तिच्या चष्म्याची फ्रेमसुद्धा दुकानदाराशी हुज्जत घालून त्यानेच घेतली. सोसायटीत कुणाला वॉशिंग मशीन घ्यायचं असलं की आधी साळव्यांची बेल वाजायची. त्याच्या निवडीचा नियम एकच होता: वस्तू सगळ्यांना चालली पाहिजे. स्कूटर घेतली ती मुलाला, पार्थलाही चालवता येईल अशी, म्हणून सिग्नलला मंजुषाची टाचच टेकत नसे. स्वेटर घेतला तो सासूबाईंनाही होईल असा. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकलेलं बरं, नाहीतर तुम्ही लगेच त्याच्यावर डूख धराल. वाईट असता तर मंजुषाचं काम बरंच सोपं झालं असतं.

आणि मंजुषा निभावून न्यायची. जावळीहून येऊन मार्केटात कांद्याची पोती वाहणाऱ्या माथाडी बापाची ती लेक. कोपरखैरण्याच्या एका खोलीत वाढली, तिथे जे येईल त्यात भागवणं हाच मोठा गुण होता. सासूबाई, सुमित्राबाई, पाहुण्यांसमोर कौतुकाने सांगायच्या, "आमच्या मंजुषाला काहीही द्या, ती निभावून नेते." मंजुषाला ते ऐकून बरं वाटायचं. खुळी बाई! शाबासकी समजून तिने इतकी वर्षं आपल्याच गळ्यात दावं बांधून घेतलं होतं.

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या नोकरीत उभं राहून राहून तिची कंबर धरली, तेव्हा ती नेरूळच्या शर्मिलाकडे फिजिओथेरपीला जायला लागली. शर्मिला वयाने बरीच लहान, बोलायला फटकळ. व्यायामाने कंबर सुटली, पण शर्मिलाने तिला सोडलं नाही. "ताई, तुमचा बॅलन्स बेस्ट आहे. रविवारी उरणला येता? मी बोर्डावर उभी राहून लाटा घेते. टेन्शन नको, तिकडच्या लाटा काय, गुडघ्याएवढ्या."

मंजुषा गेली ती गंमत बघायला. उरणच्या नागावचा किनारा, पाणी चहासारखं गढूळ, सकाळी वारा पडलेला. शर्मिलाने आपला बोर्ड पाण्यात टाकला, हातात लांब वल्हं दिलं आणि म्हणाली, उभ्या राहा. मंजुषा पडली, उठली, पुन्हा पडली. नाकातोंडात खारं पाणी गेलं. असे बरेच रविवार गेले. मग एका रविवारी मागून एक बारीकशी लाट आली, बोर्ड अलगद वर झाला, आणि शर्मिलाने शिकवलं होतं तसा मंजुषाने एक पाय मागे घेऊन बोर्डाच्या शेपटीवर, म्हणजे मागच्या टोकावर, दाबला. बोर्ड वळला. लाटेच्या अंगाअंगाने, तिरका, ती जिकडे बघत होती तिकडे निघाला. दहा-बारा हात गेला असेल फार तर. पण आपण बघावं तिकडे काहीतरी जावं, हा अनुभव मंजुषाला नवाच होता. ती किनाऱ्यावर येऊन वाळूत बसली आणि रडली. शर्मिलाला वाटलं, पुन्हा कंबर गेली.

"असाच बोर्ड घ्यायचा असेल तर?" तिने विचारलं.

"मग आपल्या अंगाचाच घ्यायचा," शर्मिला म्हणाली. "तुमचं माझं वजन सारखं, म्हणून हा तुम्हाला बसतो. तळ्यात फिरायचं असेल तर लांब, सरळ जाणारा चालतो. छोट्या लाटांवर खेळायचं तर आखूड, पातळ आणि शेपटीकडे रुंद. बारीक लाटही त्याला उचलते, आणि पाय दाबला की वळतो. दुसऱ्याच्या मापाचा घेतला की झालं, तो तुमचं ऐकणार नाही."

मंजुषाला हे वेगळं सांगायची गरजच नव्हती. तिचे आप्पा ट्रकला लावलेल्या अरुंद फळीवरून पाठीवर पोतं घेऊन चढायचे, आणि नव्या पोरांना सांगायचे, दुसऱ्याचं बघून ओझं उचलू नको, आपल्या पाठीला विचार. तिने घरी येऊन त्याच रात्री जेवताना सुधीरला सांगितलं, मला बोर्ड हवाय. लग्नानंतर स्वतःहून मागितलेली ही पहिली वस्तू. सुधीरच्या हातातला घास थांबला, आणि मग त्याचा चेहरा असा खुलला की तिला भरून आलं.

"अगं, मग आधी बोलायचं ना! माझ्यावर सोड."

तिथेच चुकलं. तिने त्याला सगळं सांगितलं होतं: आखूड, पातळ, शेपटीला रुंद. त्याने मान डोलवत ऐकलं होतं. पण पुढचे पंधरा दिवस तो ऑफिसातून आला की मोबाइलवर बोर्ड बघत बसायचा, तीन ठिकाणचे भाव मागवायचा, फोनवर "बेस्ट प्राइस बोला" म्हणायचा. आणि एका शनिवारी लिफ्टमध्ये न मावणारं एक खोकं दोन माणसांनी जिन्याने वर आणलं.

आत हवा भरायचा बोर्ड होता. पंपाने फुगवून फुगवून सुधीरला घाम फुटला, आणि बोर्ड फुगत फुगत हॉलच्या या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोचला. लांब, जाड, रुंद. त्यावर अख्खं घर जेवायला बसलं असतं. सुधीरने वरबापाच्या थाटात त्याच्यावर हात फिरवला.

"हा बघ. माझ्यासारखा नव्वद किलोचा माणूस उभा राहतो. पार्थ हैदराबादहून आला की तोही वापरेल. तू वापर, आपण दोघं बसू, आईलासुद्धा पुढे बसवून फिरवता येईल. आणि घडी करून माळ्यावर! तुझा तो आखूड बोर्ड काय, एकट्या तुलाच चालला असता."

"एकट्या मलाच हवा होता," हे वाक्य मंजुषाच्या जिभेवर आलं. पण सुमित्राबाई तोवर ताट घेऊन आल्या होत्या. नव्या गाडीची करतात तशी बोर्डाची पूजा झाली. नाकावर कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, आणि नारळ फोडायला सुधीर खाली पार्किंगमध्ये गेला. शेजारची स्मिता आणि तिचा नवरा येऊन बोर्ड दाबून बघून गेले. हार घातलेल्या वस्तूला वाईट कसं म्हणायचं? मंजुषाने पेढे वाटले. नाकापेक्षा मोती जड झाला होता, आणि वर त्याबद्दल अभिनंदनही स्वीकारायचं होतं.

उरणला तो बोर्ड पहिल्यांदा वाळूत उतरला, तेव्हा किनाऱ्यावर चहा विकणारी वेणूबाई कमरेवर हात ठेवून बघत राहिली. "काय गो बाय," ती म्हणाली, "यो फला हाय का होरी?"

तिचं खोटं नव्हतं, फळीपेक्षा ती होडीच वाटत होती. लाट तो बोर्ड पकडायचा, त्याबद्दल तक्रार नाही. एवढं धूड, लाटेलाही दिसायचंच. पण पकडली की सरळ. मंजुषा उजवीकडे बघो की डावीकडे, तो आपला एसटीसारखा नाकासमोर किनाऱ्याला लागायचा. पाय मागे घेतला तर मधोमध वाकायचा, दाबला तर जाड कडा पाण्याबाहेरच राहायची. मंजुषाची खांदेदुखी सुरू झाली. शर्मिला लाटेच्या अंगावरून सुळकन जायची, आणि मंजुषा तिच्याकडे बघत उथळ पाण्यात उतरून ते धूड पुन्हा आत ढकलत न्यायची. आत्तापर्यंत तिला घरातल्या कुठल्याच गोष्टीचा राग आला नव्हता. आता सगळ्यांचा एकदमच आला. स्कूटरचा आला, पडद्यांचा आला, चष्म्याचा तर इतका आला की तो काढून तिने खिडकीबाहेर फेकायचा तेवढा बाकी ठेवला.

त्यात शर्मिलाचं नागपूरला जायचं ठरलं. "तिकडे कुठला समुद्र! बोर्ड मी विकतेय. ताई, आधी तुम्ही. अस्मिता म्हणून ऐरोलीची एक मुलगी मागे लागलीय, पण मी तिला थांबवून ठेवलंय. पावसाळ्यासाठी किनारा बंद होईपर्यंत थांबते."

"घरी विचारते."

"विचारायचं काय त्यात? कमावता ना तुम्ही? सरळ घ्या."

मंजुषा काय सांगणार? पैसे होते. पण माळ्यावर तो हारवाला बोर्ड आणि खाली हा, असे दोन ठेवून रोज नवऱ्याच्या उतरलेल्या तोंडाकडे बघायचं, हे तिला नको होतं. आणि खरं सांगायचं तर तिला नुसता बोर्डच नको होता. सुधीरने एकदा, फक्त एकदा, आपल्या तोंडाने म्हणावं की मंजू, तुझं बरोबर होतं, माझी निवड चुकली, हे तिला हवं होतं. बोर्डाशिवाय ती जगली असती. त्या एका वाक्याशिवाय पुढची वर्षं काढणं तिला आता जड वाटायला लागलं होतं.

म्हणून तिने धीर करून सांगितलं. "अहो, तो बोर्ड वळत नाही."

सुधीर दुखावला, पण चिडला नाही. खरेदी खात्यातला माणूस, मालाच्या तक्रारीची त्याला सवय होती. "वळत नाही म्हणजे? बरं. मी स्वतः येतो. ट्रायल घेऊ. माझ्या डोळ्यांसमोर नाही वळला, तर विकून टाकतो आणि शर्मिलाचा घेतो. शब्द दिला."

आता याहून न्यायी माणूस कुठे मिळायचा?

मंजुषाने सगळं ठरवून टाकलं, शर्मिलालाही सांगून ठेवलं. आठवडाभर ती भाजी चिरताना, शाळेत परीक्षानळ्या धुताना तेच घोकत होती: पाय मधोमध, शेजारी शेजारी, हलवायचे नाहीत. बोर्ड जाईल तसा सरळ जाऊ द्यायचा. फार झालं तर पडायचं. यात लबाडी कसली? बोर्ड वळत नव्हताच. इतके रविवार नव्हता वळला, अजून एक सकाळ नाही वळला म्हणजे झालं. सगळ्या आयुष्यात एकदा तिला निभावून न्यायचं नव्हतं.

मोसमाचा तो शेवटचा रविवार. मे सरत आला होता, समुद्र जरा जागा झाला होता, लाटा गुडघ्याच्या वर येत होत्या. शर्मिला आपला बोर्ड वाळूत टेकवून उभी होती, आणि जरा पलीकडे ती अस्मिता, पंचविशीची, नुसती बोर्डाकडे बघत. सुधीरने पँट गुडघ्यापर्यंत दुमडली, मोबाइल काढला आणि पाण्यात शिरला. "हं, मंजू. स्टार्ट."

पहिली लाट आली. मंजुषा मधोमध उभी राहिली, पाय हलवले नाहीत. बोर्ड सरळ सुधीरच्या पुढ्यात येऊन थांबला.

"वळव ना."

"वळत नाही, तेच तर सांगतेय."

दुसरी लाट. तिसरी. सुधीरने मोबाइल खाली घेतला. त्याने बोर्डाची कड दाबून बघितली, उलटा करून खालचं पातं बघितलं, जणू एखादा स्क्रू ढिला असेल. चौथ्या लाटेनंतर त्याच्या कपाळावरच्या आठ्या हळूहळू गेल्या आणि चेहरा पोरकट, पडलेला झाला. मंजुषाला त्याची दया आली, आणि दयेच्या वर चांगला हातभर आनंद झाला.

"खरंच गं," तो म्हणाला. "नाही वळत."

ती थांबली. अजून थोडं बाकी होतं. ती बोर्ड घेऊन पुन्हा आत निघाली, उगीच, त्याला विचार करायला वेळ मिळावा म्हणून. मागून त्याचा आवाज आला, "मंजू! राहू दे. ये बाहेर. शर्मिलाचाच घेऊन टाकू." पुढचं, माझी निवड चुकली हे वाक्य, ती बाहेर आल्यावर तो म्हणणार होता. म्हणाला असता. तिला त्याची खात्री होती.

ती बोर्डावर उभी राहून किनाऱ्याकडे वळली, आणि मागे पाणी उचललं गेलं.

तशी लाट त्या किनाऱ्याला मोसमात क्वचित येते. कमरेएवढी, स्वच्छ, एका टोकाकडून सावकाश फुटत येणारी. शर्मिला किनाऱ्यावरून ओरडली ते शब्द मंजुषाला कळलेसुद्धा नाहीत. तिला फक्त वल्हं वर धरून उभं राहायचं होतं. लाट खालून निघून गेली असती. पण अंग ऐकेना. वल्हं आपोआप पाण्यात गेलं, दोन जोरकस हात मारले गेले, आणि ते धूड लाटेवरून घसरायला लागलं. पाय मधोमध, तिने स्वतःला सांगितलं. मधोमध. आणि सांगता सांगता उजवा पाय मागे गेला. एक पाऊल, मग आणखी एक, अगदी शेपटीपर्यंत. इतक्या रविवारांत तिने जे हजारदा करून बघितलं आणि जमलं नव्हतं, ते आता नको असताना जमलं. तिने वल्हं लाटेच्या पोटात रोवलं, सगळं अंग त्यावर टाकलं, आणि तो जाडजूड, सगळ्यांना चालेल असा बोर्ड कुरकुरत, नाक उचलत, वळला. लाटेच्या अंगाअंगाने निघाला. शर्मिलाच्या बोर्डावर ती कधी इतकी लांब गेली नव्हती. मधेच तिने त्याला दुसऱ्या बाजूलाही वळवलं. तिच्या तोंडून आनंदाने किंकाळी फुटली, ती तिचीच आहे हे तिला नंतर कळलं.

लाट संपली. ती गुडघाभर पाण्यात उभी राहिली, धापा टाकत, हसत. मग तिने सुधीरकडे बघितलं आणि तिचं हसू आटलं.

तो दोन्ही हात वर करून नाचत येत होता. "वळला! बघितलंस? वळला! सगळा व्हिडिओ घेतलाय मी. अगं, मला मनात वाटतच होतं, एवढ्या चौकशा करून घेतलेला माल फसवणार कसा?"

"वळला नाही तो," मंजुषा म्हणाली. तिचा आवाज चिरकला. "मी वळवला."

"तेच म्हणतोय मी!" सुधीर मनापासून म्हणाला. "तुला वळवता येतो. मग दुसरा कशाला?"

पुढे कित्येक दिवस भांडी घासताना मंजुषाला यावर एकाहून एक उत्तरं सुचली, पण त्या वेळी ती बोर्डाचं नाक धरून किनाऱ्याकडे ओढायला लागली. आपण चांगलं केलं, तेच आपल्या मुळावर आलं. वाईट केलं असतं तर जिंकलो असतो. हा कुठला न्याय, हे विचारायचं तरी कुणाला?

शर्मिला जवळ आली. तिने सुधीरला ऐकू जाणार नाही असं विचारलं, "ताई, ठरलं होतं ना आपलं? पडला का नाहीत?"

"पडता आलं नाही गं."

सुधीरने मोठ्या मनाने शर्मिलाकडे वळून सांगितलं, "तुमचा देऊन टाका हो त्या मुलीला. बिचारी कधीची थांबलीय. हिचं भागतंय."

शर्मिलाने मंजुषाकडे बघितलं. मंजुषाने मान खाली घातली. तेवढं पुरे होतं. अस्मिताने बोर्ड काखेत मारला, थँक्यू म्हणाली, आणि धावत पाण्याकडे गेली. बोर्ड तिच्या काखेत अगदी नीट बसत होता.

सुधीरने मग स्वतः एकदा त्या मोठ्या बोर्डावर उभं राहून बघितलं, पडला, हसला, वेणूबाईकडून सगळ्यांना चहा पाजला. सुमित्राबाईंना फोन लावून व्हिडिओ पाठवल्याचं सांगितलं. तिकडून त्या काय म्हणाल्या ते मंजुषाला फोनबाहेर ऐकू आलं, आणि ते काय असणार हे ऐकायच्या आधीच तिला माहीत होतं.

ऊन वर आलं तशी आवराआवर झाली. बोर्डाची झडप उघडली, हवा सुसकारत बाहेर यायला लागली. उरलेली हवा काढायला गुडघे टेकून वर दाबावं लागतं. मंजुषा त्यावर गुडघ्यांवर बसली आणि सगळं वजन टाकून दाबायला लागली. पुढे सरकली, पुन्हा दाबलं. दातओठ खाऊन दाबलं. कमरेतून कळ आली तरी थांबली नाही.

"अगं, हळू!" सुधीर काळजीने म्हणाला. त्याने खाली वाकून बोर्डावरची वाळू हाताने झटकली. "शिवण उसवेल. आपल्याला अजून पुष्कळ वर्षं वापरायचाय."

मंजुषाने एक गुडघा उचलला, आणि ती हळू दाबायला लागली.